पारदर्शक रंग एकमेकांवर आले की मळकट का होतात? (कोरल, फोटोशॉप, इंकस्केप, फ्लेक्स आणि ऑफसेट दोन्हींसाठी)

झाडी_बॅनर (वडसा) :
नमस्कार मंडळी. झाडीपट्टी नाटकांच्या हंगामाचं काम आहे. एकाच डिझाइनवरून १० × ८ फुटांचं फ्लेक्स आणि १८ × २३ इंच डेमी कागदावर ऑफसेट पोस्टर काढायचं आहे. कलाकारांच्या चेहऱ्यांमागे तीन मोठी वर्तुळं एकमेकांवर चढलेली आहेत. शायांचे टक्के असे (सीएमवायके : सी सायन, एम मॅजेंटा, वाय पिवळी, के काळी) :
केशरी : एम ६०, वाय १००
निळं : सी १००, एम ७०
पिवळं : वाय १००
कोरलमध्ये तिन्हींना युनिफॉर्म (सगळीकडे सारखी) ट्रान्सपरन्सी ५० दिली आहे, मर्ज मोड (खालच्या रंगात मिसळण्याची पद्धत) नॉर्मल. प्रूफमध्ये (नमुना छपाईत) केशरी-निळ्याचा सामाईक भाग राखाडी-जांभळट येतो आणि पिवळ्या-निळ्याचा करडा. तिथं हिरवा यायला हवा होता. मोड बदलावा की रंग? फ्लेक्स आणि ऑफसेटला एकच फाईल चालेल का? आणि नाटकाच्या नावाला ३० ट्रान्सपरन्सी दिली, तर मात्रा शिरोरेषेला जुळते तिथं गडद डाग दिसतात, ते कशामुळे?

रंगमोजणी (आर्वी) :
भाऊ, आकडे दिलेत हे फार बरं केलं, आता सगळं कागदावर मांडता येतं.

नॉर्मल मोडमध्ये सॉफ्टवेअर शाईवर शाई चढवत नाही, ते सरासरी काढतं. ५० ट्रान्सपरन्सी म्हणजे वरच्या रंगाचा अर्धा भाग आणि खाली जे काही दिसतंय त्याचा अर्धा भाग, बस. तुमचं केशरी पांढऱ्यावर ५० ला गेलं की उरतं एम ३०, वाय ५०. त्याच्यावर निळं ५० ला आलं :
सी = १०० चा अर्धा + ० चा अर्धा = ५०
एम = ७० चा अर्धा + ३० चा अर्धा = ५०
वाय = ० चा अर्धा + ५० चा अर्धा = २५
सी ५०, एम ५०, वाय २५. आता हे लक्षात घ्या की ऑफसेटमध्ये तटस्थ राखाडी साधारण सी ५०, एम ४०, वाय ४० च्या आसपास बसतो. तुमचा आकडा त्याच्या शेजारीच आहे, फक्त जांभळ्याकडे थोडा कललेला. प्रूफनं जे दाखवलं ते गणिताप्रमाणे बरोबरच आहे.

क्रम उलटा करून पाहा. निळं खाली, केशरी वर : सी २५, एम ४७–४८, वाय ५०. हा झाला मातकट बदामी. त्याच दोन वर्तुळांचा, त्याच टक्केवारीचा रंग फक्त वरखाली केल्यानं बदलला. नॉर्मल मोडमध्ये हे कायम होणार, कारण वरचा रंग पूर्ण ५० टक्के हिस्सा घेतो आणि खालच्याच्या वाट्याला २५ येतात, उरलेले २५ कागदाचे. पिवळ्यावर निळं आलं तर सी ५०, एम ३५, वाय २५, म्हणजे जवळजवळ करडाच. हिरवा येईल कुठून?

म्हणून एकमेकांवर चढलेल्या शायांचा भास हवा असेल तर ट्रान्सपरन्सी ० करा आणि मर्ज मोड मल्टिप्लाय घ्या. त्यात प्रत्येक शाईचं गणित वेगळं : उरलेला पांढरेपणा गुणिले उरलेला पांढरेपणा. एका रंगात एम ५०, दुसऱ्यात एम ५०, तर ०.५ × ०.५ = ०.२५ पांढरं उरलं, म्हणजे शाई ७५. पुष्कळ जण १०० धरतात, ते तसं नाही. मल्टिप्लायमध्ये कोणतं वर, कोणतं खाली यानं काही फरक पडत नाही. पण तुमचे रंग तेच ठेवून मल्टिप्लाय केलंत तरी प्रश्न सुटणार नाही. केशरी × निळा करून बघा :
सी १००
एम = १ − (०.४ × ०.३) = ०.८८, म्हणजे ८८
वाय १००
एकूण २८८ टक्के शाई, आणि दिसायला काळपट तपकिरी. पिवळा × निळा : सी १००, एम ७०, वाय १००, म्हणजे २७०, काळपट हिरवा.

माझ्या मते याचं मूळ मोडच्या आधी, रंगांच्या निवडीत आहे. सामाईक भागात सी, एम, वाय या तिघींपैकी दोनच शाया भरपूर असतील तर रंग स्वच्छ येतो. तिसरी शिरली की तो राखाडी किंवा तपकिरी होणारच, मोड कुठलाही लावा. तुमच्या निळ्यात एम ७० आहे, केशरीत एम आणि वाय दोन्ही. दोघं भेटले की तिन्ही शाया हजर.

झाडी_बॅनर (वडसा) :
समजलं दादा. म्हणजे पिवळ्या-निळ्याचा हिरवा हवा असेल तर निळ्यातला एम काढायचा?

रंगमोजणी (आर्वी) :
हो. सी ८०, एम १० इतकं आकाशी ठेवा आणि पिवळं वाय ९०. मल्टिप्लायनं सी ८०, एम १०, वाय ९० असा सरळ पोपटाकडून पानाकडे जाणारा हिरवा मिळेल. केशरीच्या जागी राणी रंग घ्या : एम ९०, वाय १०. कारण केशरीत वाय १०० आधीच आहे, त्यामुळे पिवळं त्यावर चढवलं तरी सामाईक भाग केशरीच राहतो आणि वर्तुळाची कडाच दिसत नाही. राणी × पिवळा = एम ९०, वाय ९१, म्हणजे शेंदरी लाल. राणी × आकाशी = सी ८०, एम ९१, वाय १०, म्हणजे जांभळा. तीन वर्तुळांतून सहा वेगळे, ओळखू येणारे रंग.

कोरलबद्दल एक जपून सांगतो. कोरलमधला आकडा ट्रान्सपरन्सीचा आहे : ० म्हणजे पूर्ण भरीव, १०० म्हणजे अदृश्य. फोटोशॉप, इलस्ट्रेटर आणि इंकस्केपमधला आकडा अपारदर्शकतेचा आहे, तिथं १०० म्हणजे भरीव. कोरलमध्ये ३० दिलेली वस्तू फोटोशॉपमध्ये उतरवायची तर ७० लिहावं लागेल. दोन ऑपरेटर एकाच फाईलवर काम करतात तेव्हा हा घोळ हमखास होतो.

प्लेट_आणि_शाई (मूर्तिजापूर) :
रंग बदलण्याचा सल्ला पटला. मोडबद्दल माझं मत वेगळं आहे. ऑफसेटला जाणाऱ्या फाईलमध्ये जिवंत (सपाट न केलेली) ट्रान्सपरन्सी ठेवूच नये असं मला वाटतं, निदान भरीव आकारांसाठी तरी नाही. सामाईक भागाचा वेगळा तुकडा करा आणि त्याला स्वतःचा रंग द्या. मग फाईल कुठल्याही जुन्या मशीनवर, कुठल्याही रिपवर (फाईल छपाईच्या ठिपक्यांत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरवर) उघडा, रंग तोच.

कोरलमध्ये असं : तिन्ही वर्तुळांची ट्रान्सपरन्सी काढा. शिफ्ट धरून दोन वर्तुळं निवडा. वर प्रॉपर्टी बारवर वेल्ड, ट्रिम, इंटरसेक्ट अशी बटणं येतात, त्यातलं इंटरसेक्ट दाबा. सामाईक भागाचा नवा तुकडा तयार होतो, मूळ वर्तुळं जागच्या जागी राहतात. तुकडा शेवटी निवडलेल्या वर्तुळाचा रंग घेऊन येतो, त्यामुळे काही झालंच नाही असं वाटतं, झालेलं असतं. तो निवडलेला असतानाच शिफ्ट + एफ ११ दाबून टक्केवारी भरा. असं तीन जोड्यांचं करा. मग मधला, तिन्हींचा सामाईक तुकडा : कोणताही एक जोडीचा तुकडा आणि उरलेलं तिसरं वर्तुळ निवडून परत इंटरसेक्ट. हा चौथा तुकडा शिफ्ट + पेज अपनं सगळ्यात वर आणा, कारण तिन्ही जोडीचे तुकडे त्या मधल्या जागेवर आलेले असतातच.

एक्स ३ पासून पुढची आवृत्ती असेल तर स्मार्ट फिल टूलही आहे. वर रंग निवडायचा, बंदिस्त भागात क्लिक करायचं, तुकडा तयार. वर्तुळांची गर्दी असेल तेव्हा हेच सोपं पडतं.

मोठा फायदा असा की नको असलेला रंग टाळता येतो. केशरी आणि गडद निळाच ठेवायचा हट्ट असेल, तर सामाईक तुकड्याला सरळ सी २०, एम १००, वाय ९०, के २० असा मरून द्या. एकूण २३०. कुठलाही मोड हा रंग काढून देणार नाही, आणि बघणाऱ्याला मात्र तो अगदी सहज वाटतो.

रंगमोजणी (आर्वी) :
दादा, तुकड्यांच्या पद्धतीत वर्तुळ अर्धा इंच सरकवायचं म्हटलं की चारही तुकडे नव्यानं करावे लागतात. नाटकाच्या पोस्टरमध्ये कलाकारांची नावं आणि चेहरे शेवटच्या दिवसापर्यंत बदलत असतात. मल्टिप्लायवर ठेवलं तर सरकवा, लहानमोठं करा, रंग आपोआप बसतो. तुकडे करायचेच तर सगळं ठरल्यावर, सगळ्यात शेवटी करावेत.

आणि नोंदणीचा, म्हणजे प्रत्येक शाईची प्लेट नेमकी जुळण्याचा मुद्दा आहे. दोन प्लेटा केसभर सरकल्या तर तुकड्याच्या कडेला कागदाची पांढरी रेघ उघडी पडते. मल्टिप्लायनं येणारा रंग दोन्ही शेजाऱ्यांच्या शाया घेऊनच बनलेला असतो : आकाशीत सी, हिरव्यात सी आणि वाय, पिवळ्यात वाय. प्रत्येक कडेवर एक शाई अखंड चालू राहते, म्हणून रेघ पडत नाही. तुम्ही सुचवलेल्या मरूनमध्ये सी फक्त २० आहे आणि शेजारी निळ्यात सी १००. त्या कडेवर सायनची प्लेट एकदम १०० वरून २० वर येते. एम दोन्हीकडे भरपूर आहे म्हणून कोरा पांढरा दिसणार नाही, पण गुलाबी कडा दिसू शकते.

प्लेट_आणि_शाई (मूर्तिजापूर) :
मान्य. म्हणून तुकड्याचा रंग निवडताना दोन्ही शेजाऱ्यांशी निदान एक शाई जवळजवळ सारख्या टक्क्यांची ठेवावी, असं माझ्या उत्तरात जोडून वाचा. मरूनच्या बाबतीत दोन्ही शेजाऱ्यांत एम ६० किंवा त्याहून जास्त असल्यानं काम भागतं. पिवळा आणि निळा शेजारी असता तर भागलं नसतं.

शाईच्या एकूण टक्क्यांचंही सांगतो. वर्तमानपत्राच्या कागदाला २४० च्या आत, आर्ट पेपरला ३०० च्या आसपास. आपल्याकडची स्वस्त पोस्टरं पातळ मॅपलिथोवर (चकाकी नसलेल्या साध्या कागदावर) निघतात, तिथं मी २६० च्या वर जाऊ देत नाही. त्यापुढे शाई सुकत नाही आणि गठ्ठ्यातल्या वरच्या पानाच्या पाठीला डाग बसतो. मल्टिप्लायचे तीन-चार थर एकमेकांवर चढवले की हा आकडा नकळत ओलांडला जातो, पडद्यावर फक्त ‘छान गडद’ दिसतं. ॲक्रोबॅट प्रो असेल तर प्रिंट प्रॉडक्शनमधल्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये टोटल एरिया कव्हरेजला मर्यादा टाका, जास्त झालेला भाग रंगून दाखवतो. नसेल तर कोरलमध्ये आयड्रॉपरनं आकडे वाचून बेरीज करा.

फ्लेक्स_रिप (चिमूर) :
फ्लेक्सच्या बाजूनं. आमच्याकडे ट्रान्सपरन्सी असलेली कोरल फाईल किंवा पीडीएफ देऊ नका. रिपच्या आवृत्तीप्रमाणे सावलीभोवती पांढरा डबा येतो किंवा मोड गळून नॉर्मल होतो. सपाट केलेली (सगळे थर एकच केलेली) टिफ द्या : सीएमवायके, ८ बिट, एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशन.

१० × ८ फूट, ७२ डीपीआय (इंचाला ठिपके) म्हणजे ८६४० × ६९१२ पिक्सेल. चार चॅनेलचे उघडल्यावर सुमारे २४० एमबी होतात. ८ जीबी रॅमच्या मशीनवर थर असताना हे चालत नाही. चौकातलं फ्लेक्स १५–२० फुटांवरून वाचतात, तिथं ५० डीपीआय पुरतं : ६००० × ४८००, सुमारे ११५ एमबी. कोरलमध्ये १ फुटाला १ इंच प्रमाणानं पान केलं असेल तर एक्स्पोर्ट करताना बारानं गुणायचं विसरू नका. १० × ८ इंच पानाला ६०० डीपीआय दिलं तर प्रत्यक्ष फ्लेक्सवर ते ५० होतं. ३०० दिलं तर २५ उरतं, आणि पारदर्शक कडांवर पायऱ्या दिसतात.

वरून खाली विरत जाणारी ट्रान्सपरन्सी असेल, म्हणजे फाउंटन, तर मोठ्या आकारात पट्टे पडतात. सपाट केल्यावर फोटोशॉपमध्ये त्या भागावर २–३ टक्के नॉइज टाका, गॉशियन. जवळून थोडी कणी दिसते, दुरून पट्टे मोडतात.

गडद मल्टिप्लायचे भाग फ्लेक्सवर शाईनं ओले राहतात. पावसाळी हवेत लगेच गुंडाळलं तर चिकटतं. उलगडून ठेवायला वेळ द्या.

झाडी_बॅनर (वडसा) :
चेहऱ्यांचंही विचारतो मग. फोटोवर राणी रंगाचं वर्तुळ मल्टिप्लाय केलं की चेहरा काळवंडतो. नायिकेचा चेहरा असा चालत नाही.

रंगमोजणी (आर्वी) :
मल्टिप्लाय फक्त गडदच करू शकतो, उजळ कधीच नाही. म्हणून फोटो आधी उजळवा. फोटोशॉपमध्ये :
फोटो कृष्णधवल करा (इमेज मेनूमधून ब्लॅक अँड व्हाइट, लाल आणि पिवळ्याचे स्लायडर वाढवले की त्वचा उजळते). कंट्रोल + एल नं लेव्हल्स उघडून मधला बाण डावीकडे १.३–१.४ पर्यंत न्या. आता वर रंगाचा थर टाकून मोड मल्टिप्लाय. फोटोतलं पांढरं रंगीत होतं, काळं काळंच राहतं. मोड स्क्रीन केला तर उलट : काळं रंगीत होतं, पांढरं पांढरं राहतं.

दोन्ही एकत्र वापरले की दोनरंगी चेहरा मिळतो. फोटोवर आधी गडद निळा स्क्रीननं, त्याच्यावर फिकट पिवळा मल्टिप्लायनं. या क्रमात चेहऱ्याचा उजेड शुद्ध पिवळा राहतो आणि सावल्या निळ्याकडे झुकतात, पिवळ्यामुळे थोड्या खाली उतरतात. क्रम उलटा केला तर सावल्या शुद्ध निळ्या होतात, पण उजेड धुवून निघतो, कारण वरचा स्क्रीन पिवळ्यालाही उजळवतो. नाटकाच्या पोस्टरला पहिला क्रम बरा, डोळे आणि नाक उठून दिसतात.

हे सगळं आरजीबीत (पडद्याचे लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५) करत असाल तर एक धोका आहे. सीएमवायकेत बदलताना फोटोशॉप थर एकत्र करायचे का असं विचारतं. ‘नको’ म्हटलं की प्रत्येक थर वेगळा बदलतो आणि मोडचं गणित नव्यानं सीएमवायकेत होतं. चित्र डोळ्यांसमोर बदलतं. थरांची प्रत बाजूला ठेवा, दुसरी प्रत सपाट करा, मग बदला.

आणि आरजीबीतल्या मल्टिप्लायवर विसंबू नका. पडद्यावर आकाशी × पिवळा म्हणजे झगझगीत ०, २५५, ०. छापील सी १००, वाय १०० अडोबीच्या नेहमीच्या स्वॉप (छपाईच्या रंगांचं एक प्रमाण) प्रोफाइलमध्ये साधारण ०, १६६, ८१ इतकाच येतो. आकाशी × राणी पडद्यावर शुद्ध निळा ०, ०, २५५. छापल्यावर ४६, ४९, १४६, म्हणजे जांभळट गडद. फाईल पहिल्यापासून सीएमवायकेत ठेवली की ही निराशा होत नाही.

निळी_पताका (दिग्रस) :
याच धाग्यात एक विचारू का? १४ एप्रिलच्या बॅनरला निळ्या पार्श्वभूमीवर मोठं पांढरं अशोकचक्र पुसट दाखवायचं आहे. मल्टिप्लाय केलं की चक्र गायबच होतं. आणि निळा छापून जांभळा येतो.

रंगमोजणी (आर्वी) :
पांढरं म्हणजे गणितात १. एकानं गुणलं की खालचं तसंच राहतं, म्हणून गायब. पांढऱ्यासाठी नॉर्मल मोड, कोरलमध्ये ट्रान्सपरन्सी ८० ते ८५. किंवा त्याहून बरं : ट्रान्सपरन्सी लावूच नका. पार्श्वभूमी एकरंगी आहे ना? मग चक्राला त्याच निळ्याची फिकी छटा द्या. पार्श्वभूमी सी १००, एम ६५ असेल तर चक्र सी ८५, एम ५५. आरे बारीक असतात, भरीव रंगात ते जास्त स्वच्छ छापतात. जांभळेपणाचं कारण एम जास्त असणं. सायनपेक्षा मॅजेंटा निदान ३० नं कमी ठेवा.

अक्षरजुळणी (वरूड) :
शिरोरेषेवरच्या डागांचं उत्तर राहिलं, ते मी देते.

देवनागरी फॉन्टमध्ये मात्रा, वेलांटी, रफार ही वेगळी चिन्हं असतात आणि ती शिरोरेषेवर थोडी चढवून बसवलेली असतात, नाहीतर छापताना फट दिसली असती. एरवी हे कळत नाही. पण अक्षरं कर्व्ह करून (मजकुराचे नुसते आकार करून) सुटी झाली आणि प्रत्येकाला ३० ट्रान्सपरन्सी लागली, की जिथं दोन चिन्हं चढतात तिथं दोनदा रंग बसतो. एक थर ७० टक्के झाकतो, दोन थर १ − (०.३ × ०.३), म्हणजे ९१ टक्के. बाकी अक्षर ७० वर आणि सांधा ९१ वर. हाच तो डाग.

उपाय असा : कंट्रोल + क्यू करून कर्व्ह करा, मग सगळी अक्षरं निवडून वेल्ड करा, म्हणजे एकमेकांत जोडून एकच आकार करा. ट्रान्सपरन्सी वेल्डनंतरच द्यायची. वेल्डच्या जागी कंबाइन, म्हणजे कंट्रोल + एल, करू नका. कंबाइनमध्ये दोन आकार चढतात तिथं भोक पडतं आणि शिरोरेषेवर डागाऐवजी पांढरे ठिपके येतात. आणि ब्रेक अपार्ट तर अजिबात नको. ‘ब’, ‘व’, ‘ष’ यांच्या पोटातली पोकळी भरून जाते. वेल्ड झाल्यावर ‘क्ष’, ‘ण’, ‘श्री’ मोठं करून तपासा. वेल्डनंतर मजकूर बदलता येत नाही, म्हणून मूळ मजकुराची प्रत पानाबाहेर ठेवा.

इलस्ट्रेटरमध्ये अक्षरांचा गट करून अपारदर्शकता गटाला द्यावी, आतल्या अक्षरांना सुटी देऊ नये. किंवा ट्रान्सपरन्सी पॅनेलमध्ये नॉकआउट ग्रुप टिकमार्क करावा. फोटोशॉपमध्ये अक्षरांचा पूर्ण थर एकच धरला जातो, तिथं हा प्रश्न येत नाही.

ऑफसेटसाठी आणखी एक. बारीक मजकूर, म्हणजे कलाकारांची नावं, तिकिटाचे दर, स्थळ, हे सगळं थरांच्या सगळ्यात वर ठेवा. पारदर्शक वस्तूच्या खाली सापडलेली अक्षरं सपाट करताना एकतर चित्रात बदलतात, नाहीतर त्यांची जाडी बदलते. एकाच ओळीत अर्धं नाव ठळक आणि अर्धं बारीक दिसलं की समजावं, वरून कुठली तरी सावली गेली आहे.

स्क्रीन_फ्रेम (दर्यापूर) :
भाऊ, स्क्रीन प्रिंटिंगवाल्यायसाठी बी लिहून ठेवतो, लोकं हाच धागा पायतीन. कापडी पिशवी असो का पत्रिका, आपल्याकडं शाया दोन नाहीतर तीन. तिथं ट्रान्सपरन्सी टूल लावू नका. स्पॉट (तयार मिसळलेल्या एकाच शाईच्या) रंगावर ते लावलं का बरेचदा रंग चार शायांत फुटते आन पॉझिटिव्ह (फ्रेमसाठीच्या फिल्मा) चार निघतात. त्यापेक्षा वरच्या रंगावर राइट क्लिक करून ओव्हरप्रिंट फिल करा. मंग खालच्या रंगाले भोक पडत नाही, दोन्ही शाया एकमेकीवर बसतात आन तिसरा रंग फुकटात भेटते. पयले पिवळा मारा, सुकू द्या, मंग निळा.

पण शाई पारदर्शक पायजे. पांढरी मिसळलेली झाकणारी शाई असली तर वरचाच रंग दिसन, हिरवा होणार नाही. काळ्या कापडावर तर पयले पांढरा थर माराच लागते. टक्क्यातली छटा घ्याची असन तर ती ठिपक्यायनंच येते : कापडावर ३५ ते ४५ लाइन (इंचाले ठिपक्यायच्या ओळी), आन जाळी लाइनच्या चार-पाच पट, म्हणजे ४५ लाइनले इंचाले २०० च्या आसपास. जाळी कमी असली तर ठिपके गळतात. प्रिंट प्रिव्ह्यूत सेपरेशन (हरेक शाईचं वेगळं पान) चालू करून पानं मोजा. दोन शायांच्या कामाले दोनच पानं आली पायजेत.

मुक्त_स्रोत (पुसद) :
कोरल नसलेल्यांसाठी इंकस्केप. कंट्रोल + शिफ्ट + एफ नं फिल अँड स्ट्रोक उघडा, तळाशी ब्लेंड मोड, ब्लर आणि ओपॅसिटी आहे (१.० पासून मोड थेट वस्तूला देता येतो). इंकस्केप आरजीबीत चालतं, म्हणून शुद्ध निळा ०, ०, २५५ आणि पिवळा २५५, २५५, ० मल्टिप्लाय केले तर उत्तर ०, ०, ०, पूर्ण काळा. निळा ०, १६०, २५५ घ्या, मग ०, १६०, ० असा हिरवा मिळतो.

सामाईक तुकडा काढायचा तर पाथ मेनूतलं इंटरसेक्शन, पण इंकस्केप मूळ आकार गिळून टाकतं. आधी दोन्हींची कंट्रोल + डी नं प्रत करा, मगच इंटरसेक्शन. छपाईसाठी सीएमवायके टक्के स्वतः द्यायचे असतील तर तुकडे केलेली एसव्हीजी स्क्रायबसमध्ये आणून रंग तिथं भरा.

लाल आणि हिरवा ५०–५० केल्यावर मधला रंग मळकट (१२८, १२८, ०) येतो तो गॅमामुळे. पिक्सेलचे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात आणि सरासरी त्या आकड्यांची निघते. प्रकाशाची सरासरी काढली तर साधारण १८८, १८८, ० येतं, बराच उजळ पिवळा. गिंप २.१० पासून थराच्या मेनूत ब्लेंड स्पेस लिनियर करता येते. फोटोशॉपमध्ये कलर सेटिंग्जच्या मोअर ऑप्शन्सखाली ‘ब्लेंड आरजीबी कलर्स युझिंग गॅमा’ १.०० करावं लागतं, पण ते त्या मशीनवरच्या सगळ्याच फाईलींना लागू होतं. पडद्यासाठीच्या कामाला उपयोगी, छपाईच्या फाईलला नको.

झाडी_बॅनर (वडसा) :
सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरवतो : आकाशी सी ८०, एम १०, पिवळा वाय ९०, राणी एम ९०, वाय १०. तिन्ही मल्टिप्लाय, ट्रान्सपरन्सी ०. नावं वेल्ड करून वर. ऑफसेटला पीडीएफ आणि फ्लेक्सला ५० डीपीआय टिफ, वेगवेगळ्या.

प्लेट_आणि_शाई (मूर्तिजापूर) :
मधल्या, तिन्हींच्या तुकड्याची बेरीज केली का? सी ८०, एम ९१, वाय ९१, म्हणजे २६२, तपकिरी. आर्ट पेपरवर चालेल, मॅपलिथोवर काठावर आहे. तेवढाच एक तुकडा इंटरसेक्टनं काढा आणि सी ४०, एम ९०, वाय ९० भरा. २२० होतील आणि गडद विटकरी दिसेल. मल्टिप्लायवाल्या वर्तुळांच्या वर हा तुकडा नॉर्मल मोडमध्ये, ट्रान्सपरन्सी ० वर असू द्या. एम आणि वाय शेजारच्या लाल भागाशी जुळतात, कडेला रेघ पडणार नाही.

पीडीएफ करताना कंपॅटिबिलिटी ॲक्रोबॅट ४, म्हणजे पीडीएफ १.३ घ्या, किंवा पीडीएफ/एक्स-१ए. या दोन्हींत जिवंत ट्रान्सपरन्सी बसत नाही, त्यामुळे सगळं तुमच्याच मशीनवर सपाट होतं आणि काय झालं ते तुम्हाला दिसतं. १.४ पासून पुढे ती जिवंत राहते आणि निर्णय प्रेसच्या रिपवर जातो. ईपीएस ट्रान्सपरन्सी ठेवू शकत नाही, ती देऊ नका. सपाट पीडीएफमध्ये पडद्यावर केसासारख्या पांढऱ्या रेघा दिसल्या तर झूम करून पाहा. झूम बदलला तरी जाडी तेवढीच राहत असेल तर ती पडद्याची गुळगुळीत करण्याची क्रिया आहे, छपाईत येत नाही. ॲक्रोबॅटच्या पेज डिस्प्लेमध्ये स्मूथ लाइन आर्ट बंद केलं की जाते.

फ्लेक्स_रिप (चिमूर) :
फ्लेक्सच्या कडेला पाइप शिवायला किंवा दोरीच्या रिंगांना ३ इंच वाया जातातच. तिथं तिन्ही मूळ रंग, तीन जोडीचे आणि मधला, असे सात चौकोन प्रत्येकी २ इंचाचे ठेवा. पूर्ण फ्लेक्स सुरू करण्याआधी तेवढीच पट्टी काढून दाखवतो. आकाशी × राणी आमच्या मशीनवर जांभळ्याऐवजी निळ्याकडे गेला तर राणीतला एम ५ नं वाढवून नवी टिफ द्यायची, मोडला हात लावायचा नाही.

झाडी_बॅनर (वडसा) :
पट्टी जोडतो. सातही चौकोनांवर टक्के बारीक काळ्या अक्षरांत लिहून देऊ का?

फ्लेक्स_रिप (चिमूर) :
द्या, पण चौकोनाबाहेर, पांढऱ्यावर. ५० डीपीआयला अक्षरं पाऊण इंचापेक्षा लहान नको.